मी लाईन, शिरवण्याची

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. मला हातात धरता येत नाही, की अडगळीत टाकता येत नाही. माझा जन्म साता समुद्रापलीकडचा, पण म्हातारा झालो तो तुमच्याच तोंडात. माझं नाव लाईन.

दिसायला एवढासा, पण माझ्या कामाचा पसारा विचारू नका. घरातले दिवे गेले की तुम्ही म्हणता, ‘लाईन गेली.’ नळापुढे हंडे मांडले की तिथेही मीच. वाशीच्या नव्या फ्लॅटमधल्या वैजयंतीबाई ट्रंक कॉल लावून बसायच्या आणि लाईन मिळाली नाही की माझ्याच नावाने खडे फोडायच्या. बसस्टॉपवरची टवाळ पोरं माझ्या नावाखाली काय करतात ते मी सांगत नाही, मोठी माणसं ऐकत असतील. एवढी कामं करणारा पाहुणा मराठीच्या घरात दुसरा नाही, असा मला भारी गर्व होता. तो वाशीजवळच्या शिरवणे गावातल्या एका बाईने उतरवला. तिचं नाव पुतळा.

शिरवण्यात मी आलो तो सत्तरच्या सुमाराला, सरकारी मोजणीवाल्यांच्या तोंडून. तेव्हा तिथे नवं शहर नव्हतं. खाडीपर्यंत भातशेती होती. पुतळा आणि तिचा नवरा नामा यांचं शेत गावाला लागूनच होतं. एका सकाळी दोघं बांधावर आली तर शेताच्या मधोमध चुन्याची पांढरी सरळ रेघ ओढलेली, आणि तिच्यावर जागोजागी लाकडी खुंट्या ठोकलेल्या.

“ह्या काय चाललंय, साहेब?” पुतळाने विचारलं.

“लाईन मारतोय, बाई. तिला पाय लावू नका,” मोजणीवाला घाईत म्हणाला.

आता गावाची एक रीत होती. साथ आली, गुरं मरायला लागली, की रोग गावात शिरू नये म्हणून भगत शिवेवर राखेची रेघ ओढायचा. त्याला गाव बांधणं म्हणत. त्या रेघेला पाय लावायचा नसे, आणि बायका तिची पूजा करत. पुतळाला वाटलं, सरकारही आपलं गाव बांधायला आलंय. ती धावत घरी गेली. शेजारणींना घेऊन आली. एकेका खुंटीला हळदकुंकू लागलं, फुलं वाहिली, नारळ फुटला. पुतळाने मोजणीवाल्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खोबरं खाल्लं. मी त्यांच्या जिभेवरच बसलो होतो, मित्रांनो! ‘बाई, इथून पुढचं शेत आता तुमचं राहणार नाही,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. कोणी ते उच्चारलं नाही. आपण खोटं तर बोललो नाही ना, मग कशाला सांगा, असा तो हिशेब होता.

पुढे शेतावर भराव पडला. रस्ता झाला, रस्त्याकडेला माझेच, विजेच्या लाईनचे, खांब उभे राहिले. नामा दिवसभर त्या रस्त्याकडे बघत ओट्यावर बसू लागला. एका दुपारी पुतळाने त्याला जेवायला हाक मारली, तर तो एकदम उसळला.

“तूच पूजलीस ना तिला? हलदकुकू लावून तूच घरान घेतलीस!”

पुतळा तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. त्या दिवसापासून ती एकाच गोष्टीची वाट पाहू लागली. नामाने एकदा म्हणावं, ‘तुजी चूक नाय.’ ताट वाढताना ती त्याच्या तोंडाकडे बघायची. नामा मान खाली घालून जेवायचा आणि उठायचा. तोही मनातून खचला होता, पण त्याच्या ओठांवर ते शब्द काही येत नव्हते.

आणि मला तर तिने वाळीतच टाकलं. दिवे गेले की अख्खं गाव ओरडायचं, “लाईन गेली!” पुतळा म्हणायची, “दिवा गेला.” नळावर ती वल, म्हणजे ओळ, धरायची, लाईन नाही. वाशीला ती दारोदार भाजी विकायची. एकदा वैजयंतीबाईंनी साध्या मायेने विचारलं, “पुतळाबाई, तुमच्या कान्हाला शाळेनंतर कुठल्या लाईनीत घालणार हो?” तर ती तोलून दिलेली गवार तशीच ठेवून, पाटी उचलून चालती झाली. बाई दारात बघतच राहिल्या. मला आधी राग आला. मग लाज वाटली. तिने एकदा तरी मला तोंडात घ्यावं, म्हणून मी झुरत होतो.

ऐंशीनंतर नामा जवळच्या एका कंपनीच्या गेटावर जाऊ लागला. कंत्राटी कामाला माणसं घ्यायचे, त्यासाठी रोज लाईन लागायची. उन्हात किती उभं राहणार? म्हणून माणसं आपापल्या चपला लाईनीत ठेवायची आणि झाडाखाली बसायची. लाईन सरकली की ज्याचं लक्ष असेल तो सगळ्यांच्या चपला पुढे सरकवायचा. नंबर जाऊ नये म्हणून नामा संध्याकाळी चपला तिथेच सोडून अनवाणी घरी यायचा. एका पहाटे तो झोपेतून उठलाच नाही.

सुतक फिटल्यावर पुतळा त्या चपला आणायला गेटावर गेली. त्या तिला मागे सापडल्या नाहीत. त्या लाईनीत सगळ्यांच्या पुढे होत्या. तिने वाकून हात घातला, तसा साताऱ्याकडचा मधुकर नावाचा कामगार धावत आला.

“ओ वहिनी, त्या नामादादांच्या आहेत. बरं नसंल म्हणून आम्हीच रोज सरकवतोय. आज पयला नंबर हाय त्यांचा.”

“मी त्यांची बायको,” पुतळा म्हणाली.

मधुकरचा चेहरा खुलला. “म्हंजी त्या पूजेच्या वहिनी तुम्हीच व्हय? रोज तुमचंच सांगत्यात! म्हणत्यात, नारळ मी माज्या हातानं फोडला न् बोल तिला लावला. तिची काय चूक? घरी गेलो का तोंडच उघडत नाय माजं, म्हणत्यात. कुठं हायेत दादा?”

पुतळाने इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं होतं, पण सांगणारा परका होता. तिने पदराने चपलांवरची धूळ पुसली. आणि मित्रांनो, तेव्हा तिने मला तोंडात घेतलं.

“त्याना लाईनीतून काडा, भाऊ,” ती म्हणाली. “त्ये गेले.”

मी झुरलो होतो तो या उच्चारासाठी. तिच्या ओठांवरून मी निघालो तेव्हा मला वाटलं, नसतं घेतलं नाव तर बरं झालं असतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. माझे अर्थ पाठ करा, परीक्षेत मार्क मिळवा, माझी हरकत नाही. पण मला घेऊन कोणाच्या दारात जाल, तर मी कशासाठी आलोय ते त्या माणसाला सरळ सांगा. आणि घरच्या माणसाला जे सांगायचंय, ते घरीच सांगून टाका.