गोळ्यांची सावड

पेरणीच्या आत मांड्या सुधारल्या, तर सूर्यभानच्या पदरात बरंच काही पडणार होतं. पहिलं म्हणजे दावणीचा बैल दावणीलाच राहणार होता. दुसरं, भिंगारला नोकरीला असलेलं पोरगं, कल्याण, सुट्टीला आलं की ट्रॅक्टरचे गोडवे गायचं, त्याचं तोंड निदान वर्षभर बंद होणार होतं. तिसरं, बैलाच्या निमित्ताने रोज सकाळी शेजारच्या अजिनाथच्या ओट्यावर जाऊन बसायचा हक्क शाबूत राहणार होता. आणि जे तो कुणाला सांगत नसे ते चौथं: बायकोच्या, लंकाबाईच्या, नजरेखालून तेवढा वेळ सुटका. एवढ्या सगळ्या कमाईच्या आड उभ्या होत्या त्या त्याच्याच दोन मांड्या.

कल्याणचं म्हणणं सरळ होतं. काळजात स्प्रिंगा घातलेल्या माणसाला पेरायच्या पाभरीमागे चालवत नसेल तर बैल पोसायचा कशाला? त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. आबांनी या रब्बीची ज्वारी बैलांनी पेरून दाखवली तर बैल राहील, नाहीतर बाजार. सूर्यभानने तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. त्या वेळी तो बाजेवर आडवा होता, आणि आडवं पडलेल्या माणसाला सगळंच जमण्यासारखं वाटतं.

शिवाय हा बैल एकट्या सूर्यभानचा नव्हता म्हणायला हरकत नाही. जामखेडच्या या कोरड्या अंगाला दोन बैलांचा चारा कुणाला परवडतो? म्हणून सूर्यभानकडे एक, अजिनाथकडे एक, आणि दोघांची मिळून सावडीची जोडी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकाचा बैल गेला की दुसऱ्याचा नुसताच शेण टाकायला उरणार. ही सावड दोघांच्या लग्नाआधीपासून चालत आलेली. तिच्यात भांडण झालं नाही असं नाही. दर हंगामाला व्हायचं आणि वाफसा आला, रान पेरणीजोगं झालं, की मिटायचं.

सावड इतकी पक्की, की दुखणंसुद्धा दोघांनी वाटून घेतलं. थंडीत सूर्यभानच्या छातीत कळ आली आणि नगरच्या एका दवाखान्यात त्याच्या काळजाच्या तुंबलेल्या नळ्यांत दोन स्प्रिंगा बसल्या. अजिनाथ नारळ घेऊन बघायला गेला, आणि उन्हाळा लागला तसा त्याच दवाखान्यातून स्वतःलाही एक बसवून आला. सूर्यभानला ते फारसं रुचलं नाही. पारावर विषय निघाला की तो आठवण करून द्यायचा, अजिनाथला एकच हाय.

स्प्रिंगांनी जीव वाचवला, यात दोघांनाही शंका नव्हती. तक्रार होती ती त्यांच्यामागून आलेल्या गोळ्यांच्या वऱ्हाडाची. सूर्यभानच्या मांड्या रात्रीच्या पांढऱ्या गोळीने अशा धरायच्या, की उठताना भिंतीला धरून आधी स्वतःची मनधरणी करावी लागे. रक्त पातळ करायच्या गोळीने अंगावर जरा कुठे बोट लागलं की निळं. लंकाबाईने एकदा दंडाला धरून त्याला ओसरीवरून उतरवलं, तर दुसऱ्या दिवशी दंडावर तिची चारही बोटं उमटलेली. पारावर त्याची चर्चा झाली आणि लंकाबाई नवऱ्याला मारते, यावर गावाचं एकमत झालं. सूर्यभानने ते खोडून काढलं नाही. लोक चहा पाजत होते.

त्यात छातीत डाव्या बाजूला अधूनमधून बारीक टोचायचं. टोचलं की स्प्रिंग निसटली, असा त्याचा ठाम समज. मग काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखा तो स्वतःला हलू द्यायचा नाही, आणि न हलल्याने मांड्या आणखी धरायच्या.

अजिनाथचं उलटं. पाय ठणठणीत, पण बोलता बोलता मध्येच धाप लागायची. बसल्या जागी, काही न करता. त्याचं एक वाक्य पुरं व्हायला समोरच्याची तंबाखू मळून व्हायची. ही करामत सकाळ-संध्याकाळच्या पिवळ्या गोळीची, हे त्याने स्वतःच ताडलं होतं.

डॉक्टरांना हे सांगायला नको का? तपासणीला दोघेही वेळच्या वेळी जात. डॉक्टर विचारत, काही त्रास? दोघेही हात जोडून म्हणत, बेस हाय सायेब. आणि एस.टी.ने घरी येईपर्यंत एकमेकांना त्रास सांगत.

परतीचा पाऊस चांगला झाला. वाफसा आता आठवड्यावर आला, तेव्हा गोठ्याच्या सावलीत बसून अजिनाथने तोड काढली. बैल एका अंगाला ओढ धरत असेल तर आपण काय करतो? जुवाच्या दुसऱ्या अंगाला जुंपतो. मग तोच बैल सरळ चालतो. गोळ्यांचंही तसंच. सूर्यभानची पांढरी त्याच्या मांड्यांना बाधते. अजिनाथही रात्री एक पांढरी घेतोच, त्याला कुठे काय होतं? आणि अजिनाथची पिवळी सूर्यभानने घेतली तर त्याची छाती तेवढीच आणखी मोकळी. दोन स्प्रिंगांना जास्तीची गोळी लागणारच.

सूर्यभानला हा शेवटचा मुद्दा विशेष पटला.

त्याच संध्याकाळी अदलाबदल झाली. सूर्यभानने आपली पांढरी बंद करून अजिनाथला दिली, अजिनाथने आपली पिवळी बंद करून सूर्यभानला. घरात बोलायचं नाही असं ठरलं. बायकांना औषधातलं कळत नाही, यावर दोघांचं कधीच दुमत नव्हतं.

आणि गंमत म्हणजे गुण आला. आठवडा सरता सरता सूर्यभानच्या मांड्या सैल पडल्या. तो भिंत न धरता उठला, बैलाला पाण्यावर नेऊन आणलं, माळ्यावरची पाभर उतरवून घेतली. पेरणीसाठी रजा काढून आलेल्या कल्याणसमोर तो अंगणातून उगाच दोनदा आला-गेला. कल्याणने गिऱ्हाईकाला फोन करून जरा थांबायला सांगितलं. सूर्यभानच्या आयुष्यात इतकं स्वस्त यश पूर्वी आलं नव्हतं.

पेरणीच्या आदल्या दिवशी अजिनाथ त्याच्याकडे आला. आला म्हणजे कुडाला धरत, थांबत, मांड्यांवर हात दाबत आला, आणि पायरीवर बसताना आई गं म्हणाला. लंकाबाई चहाचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. सूर्यभान आतून, बाजेवरून म्हणाला, लंके, अजिनाथला च्या... मग थांबला, एक लांब श्वास ओढला, आणि उरलेलं म्हणाला, ...टाक.

लंकाबाईने भांडं खाली ठेवलं. एकदा पायरीकडे पाहिलं, एकदा बाजेकडे.

"भावजी, ह्यांचं पाय तुमाला कुनी दिलं?"

"कसलं पाय, वैनी?" अजिनाथ म्हणाला. पण तो हे एका दमात म्हणाला, आणि तिथेच फसला.

"आन तुमची धाप ह्यांच्यात कशी आली?"

खोटं बोलायला सूर्यभानने तोंड उघडलं, पण त्याआधी नाकाने साक्ष दिली. रक्ताचा थेंब मिशीवर उतरला, मग दुसरा, आणि मग धारच लागली. लंकाबाईने त्याला पुढे वाकवून बसवलं, नाकपुड्या चिमटीत धरल्या आणि त्या अवस्थेत सगळं वदवून घेतलं. नाक धरलेल्या माणसाचं कबूल करणं ऐकायला मजेशीर असतं, पण ती हसली नाही. कल्याणला तिने गावातली जीप आणायला पाठवलं आणि दोघांना तसंच नगरला घेऊन गेली. अजिनाथची बायको रतनबाई वाटेत जीपमध्ये चढली, आणि नगर येईपर्यंत दोन्ही पुरुषांना बोलायची संधी मिळाली नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. सूर्यभानचं रक्त आधीच थांबत आलं होतं; त्याला म्हणाले, तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या दुप्पट खाल्ल्या, थोडक्यात निभावलं. पण अजिनाथकडे वळले तेव्हा त्यांचा आवाज उतरला. ती पिवळी गोळी स्प्रिंगमध्ये रक्त साकळू देत नाही. ती बंद करणं म्हणजे विहिरीत उतरलेल्या माणसाने हातातला दोर सोडणं. त्यांनी लगेच छातीचा आलेख काढला, रक्त घेतलं, अजिनाथला रात्रभर ठेवून घेतलं. आलेख नीट निघेपर्यंत सूर्यभान बाकावर हलला नाही. अजिनाथला एकच आहे, हे त्याने त्या दिवसापासून पुन्हा कधी काढलं नाही.

सकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सायेब, तुमी जीव वाचवला," सूर्यभान म्हणाला. "आन तुमच्याच गोळीला नावं ठिवायची? पाव्हन्यानं ताटावर बसून कालवन खारट झालं म्हनावं का?"

"म्हणावं," डॉक्टर म्हणाले. "इथे मीठ मी टाकतो, पण चव तुम्हालाच कळते."

मग उपाय निघाला, तो इतका साधा की दोघांना लाज वाटली. सूर्यभानची पांढरी थोडे दिवस थांबवून मग दुसऱ्या जातीची, कमी ताकदीची द्यायची. अजिनाथची पिवळी बदलून तिच्या जागी सूर्यभान घेतो तीच रक्ताची गोळी. अजिनाथने हळूच विचारलं, मंजी सावड झालीच की? डॉक्टरांनी कागद तोंडापुढे धरला. टोचण्याचं म्हणाल तर त्यांनी सूर्यभानच्या बरगडीत बोट दाबलं आणि सूर्यभान ओरडला. बोटाने दुखतं ते मांसाचं, म्हणाले. स्प्रिंग निसटत नसते. छाती भरून येऊन घाम फुटला, हात-जबडा दुखला तर मात्र तडक यायचं. रोज चालायचं, त्रास झाला तर त्याच दिवशी सांगायचं. आणि पाभर? दोघांनीही पंधरा दिवस पाभरीला हात लावायचा नाही.

पंधरा दिवस वाफसा कुणासाठी थांबत नाही. कल्याणने चेहरा पडलेला ठेवला, पण अंगठा मोबाईलवर ट्रॅक्टरवाल्याचा नंबर शोधत होता. परतताना जीपमध्ये त्याने फक्त एवढंच म्हटलं, ठरलं होतं आबांनी पेरायची.

"ठरलं तवा मला कुनी इचारलं हुतं?" लंकाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पदर खोचला आणि पाभर स्वतः धरली. गावात बाई चाड्यावर मूठ धरते, बी सोडते. बैल हाकत नाही. पण लंकाबाई तरुणपणी ऊसतोडीला होती, पहाटेच्या अंधारात उसाची गाडी कारखान्यावर घेऊन जायची. बैलांनी तिचा आवाज ऐकला आणि कान पाडले. चाड्यावर रतनबाई उभी राहिली. दोघे नवरे बांधावर बसून सूचना करू लागले. सूर्यभान म्हणाला, तास वाकडं चाललंय.

"वाकड्या तासाची भाकर काय चौकोनी हुती का?" ती न वळता म्हणाली.

बघायला पारावरची मंडळी आली होती. नवऱ्याला मारणारी बाई अशीच असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. दिवस कलेपर्यंत सूर्यभानचं रान झालं, दुसऱ्या दिवशी अजिनाथचं. कल्याणने कुणाला न विचारता गिऱ्हाईकाला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. आईला नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता हिशेब. सूर्यभानचा बैल राहिला, ओटा राहिला, मांड्याही हळूहळू वळणावर आल्या. गेली ती गोळ्यांची डबी, ती आता लंकाबाईच्या कमरेच्या पिशवीत असते. अजिनाथला पुरी वाक्यं बोलता येऊ लागली, हा त्याचा फायदा आणि रतनबाईचा तोटा. कल्याणचा ट्रॅक्टर गेला. दुखणं दोघांचं, अक्कल दोघांची, बैल दोघांचे; आणि पेरणी उरकल्यावर तेल चोळून घेत, एकही गोळी न खाता ज्या पिंढऱ्या आठवडाभर ठणकत राहिल्या, त्या लंकाबाईच्या. चोळायला सूर्यभान होता.