मालकाच्या खोलीत राहिलेला निरोप

मी बोलतेय. इकडे, टेबलाच्या खणात, कागदी पाकिटात. गेमची सीडी. आता तुम्ही म्हणाल, सीडी कसली बोलते? अहो, माझ्या पोटात चाळीस बंदुका, अकरा राक्षस आणि एक अख्खा पडका कारखाना आहे. एवढं सगळं पोटात घेऊन गप्प बसणं सोपं आहे का?

पण खरं सांगू, यातलं मी स्वतः काहीच पाहिलेलं नाही. मला कान आहेत, डोळे नाहीत. प्रकाशाचा एक बारीक ठिपका माझ्यावरून फिरतो आणि सगळं वाचून घेतो. पडद्यावर काय उमटतं ते माणसं बघतात. मी आपली अंधाऱ्या खाचेत गरगर फिरत असते. म्हणून जन्मापासून मला एकच खोड लागली, कान टवकारून ऐकायचं. माझ्यात आहे तरी काय?

जन्म साच्यातला. गरम प्लास्टिक, वरून एक दाब, मग चांदीसारखा पातळ थर आणि त्यावर छपाई. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झाले तयार. माझ्या खोक्यावर ठळक छापलं होतं, विंडोजसाठी. मी तेच आपलं नशीब धरून चालले होते.

मला विकत घेतलं टिल्लूने. टिल्लू म्हणजे सहा फुटी माणूस, लिफ्ट दुरुस्त करणारा. लहानपणी बुटका होता म्हणून नाव पडलं. मग उंची वाढली, नाव तेवढंच राहिलं. मला घेऊन तो तडक मोठ्या बहिणीच्या खोलीत शिरला. ताई एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. ती, टिल्लू आणि आई, एवढंच घर. आईचे गुडघे गेलेले, नजर अधू. तिची आंघोळ, औषधं, उठवणं-बसवणं, सगळं दोघांनी वाटून घेतलेलं.

"ताई, तुझ्या त्या लिनक्सवर हे चालणार नाही. लाव पैज," टिल्लू म्हणाला.

"का नाही चालणार? माझ्या मशीनने काय घोडं मारलंय तुझं?"

ताईच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. तिने ते स्वतः पुस्तक उघडून, चुकत चुकत बसवलेलं, त्यामुळे त्याला कोणी नावं ठेवली की ती उसळायची. तिने शोधाशोध केली आणि कळलं, की गेम बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठीही इन्स्टॉलर आपल्या साइटवर ठेवलाय. गेम चालवणारा भाग तिथून उतरवून घ्यायचा आणि नकाशे, आवाज, राक्षस माझ्यातून. इंजिन तिकडचं, डबे माझे. मला तर हर्षवायूच व्हायचा राहिला. अगंबाई, म्हणजे खोक्यावर छापलेलं काही शेवटचं नव्हतं तर!

फोनच्या तारेवरून तो इन्स्टॉलर उतरायला तीन तास लागणार होते. अडीच तास झाले आणि आईने बाहेर फोन उचलला.

"अगं, यातून कुईकुई आवाज येतोय!"

"आई! ठेव तो! ठेव!" दोघं एकदमच ओरडली. तुटलं ते तुटलंच. पुन्हा पहिल्यापासून.

मग नवं लचांड. ताई गेम बसवायला गेली की मशीन म्हणायचं, परवानगी नाही. लिनक्सची पद्धत घरासारखी असते. प्रत्येकाची आपापली खोली, आणि एक मालकाची खोली. त्या मालकाला रूट म्हणतात. त्याच्याकडे सगळ्या किल्ल्या. दुरुस्तीपुरतं मालक म्हणून शिरायचं, काम झालं की बाहेर पडायचं आणि खेळायचं ते आपल्याच खोलीत बसून. शहाणी माणसं असंच करतात. ताई मात्र वैतागली होती. ती मालक म्हणून शिरली, गेम बसवला आणि चालवलाही तिथूनच.

"आजच्या दिवस फक्त," ती म्हणाली. माणसांचं 'आजच्या दिवस' किती वर्षं चालतं, ते मी पुढे पुष्कळ पाहिलं. म्हणजे ऐकलं. टिल्लूला लक्षात राहत नाही म्हणून तिने मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीही चिकटवली. मालक म्हणून आत जा, मग अमुक टाइप कर.

पहिल्या दिवशी चित्रं एकेक करून सरकत होती.

"हा गेम आहे की फोटोंचा अल्बम?" टिल्लू खिदळला. ताईने पुढच्या रविवारी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसवला. मग चित्र धावायला लागलं, पण आवाज गायब. गाणी वाजवणारा दुसराच प्रोग्राम आवाज अडवून बसला होता. त्याला उठवला आणि धाडकन बंदूक वाजली. आई बाहेरून ओरडली, "काय फुटलं गं?" मी थक्क. हा एवढा मोठा आवाज माझ्यात होता?

पैज हरलेला टिल्लू दर रविवारी ताईशी खेळायला बांधील झाला. त्याच्या खोलीतून तिच्या खोलीत लांबलचक केबल आली. आई तिला अडखळून चार शिव्या घालायची, पण काढू द्यायची नाही. खेळता खेळता दोघं जे बोलायची त्यातून मला माझ्या पोटातलं थोडं थोडं कळू लागलं.

"असली लिफ्ट मी कधी पास केली नसती," टिल्लू भिंतीपलीकडून ओरडायचा. "दार उघडं आणि वर चाललीय!"

"या राक्षसाचे दात बघ. खालची दाढ वर बसवलीय. कोणी बनवली ही कवळी?"

मी लाजून चूर. पण गंमत पाहा. जेवायच्या टेबलावर दोघं मीठ दे, पाणी दे एवढंच बोलायची. गेममध्ये मात्र एकमेकांना गोळी घालायची सोडून त्या उघड्या दाराच्या लिफ्टमध्ये उभं राहून टाइप करत बसायची. आईचं आज बरं नाही. लॅबमधला साहेब फार डोकं खातो. माणसांना समोरासमोर असताना काय होतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मग टिल्लूला दूरदेशी नोकरी लागली, उंच उंच इमारतींच्या लिफ्टवर. निघायचं शुक्रवारी. ताईने "छान झालं" म्हटलं आणि ती आईची पेज हलवायला निघून गेली. त्याच आठवड्यात तिने बऱ्याच दिवसांचं राहिलेलं काम केलं. गेम नीट करून घेतला, आपल्या नावाने, आपल्या खोलीतून चालेल असा. चिठ्ठी तेवढी काढायची राहिली.

मंगळवारी ताई कामावर, आई झोपलेली. टिल्लू एकटाच ताईच्या खुर्चीत येऊन बसला. चिठ्ठी वाचली आणि मालक म्हणून आत शिरला. त्या गेममध्ये एक सोय होती. खेळ नोंदवून ठेवता यायचा, आणि पुन्हा लावला की जसाच्या तसा दिसायचा. ज्या खोलीतून खेळावं, त्याच खोलीत ती नोंद राहायची. त्याने नोंदवणं सुरू केलं आणि टाइप करू लागला. टाइप करताना पुटपुटायची त्याला सवय होती, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला.

"ताई, तोंडावर बोलायला जमत नाही. आईचं सगळं तुझ्या एकटीवर टाकून चाललोय. तू फक्त 'नको जाऊस' म्हण. मी नाही जाणार. शुक्रवारपर्यंत वाट बघतो."

मग त्याने टेबलावर ताईसाठी कागद लिहून ठेवला. गेममध्ये तुझ्यासाठी रेकॉर्डिंग आहे, बघ.

संध्याकाळी ताईने बघितलं. आपल्या खोलीत. गेम आता तिथेच होता ना! काहीच सापडलं नाही. टिल्लू जातिवंत खोडकर, मागे एकदा 'कपाटात बघ' असं लिहून त्याने तिला अर्धा तास रिकामं कपाट उपसायला लावलं होतं.

"जातानासुद्धा गाढवाला थट्टा सुचते," ती म्हणाली आणि तिने गेम बंद केला. अगं, शेजारच्या खोलीत बघ! मालकाच्या! मी जीव तोडून सांगत होते. पण मला तोंड आहे कुठे?

बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुवारी संध्याकाळी टिल्लू दाराशी येऊन उभा राहिला.

"ताई..."

"काय?"

"काही नाही. बॅगेची चेन लागत नाहीये."

तिने चेनला मेणबत्ती घासून ती लावून दिली. शुक्रवारी तो गेला.

नंतर फोन यायचे. हवा कशी आहे, आईची औषधं कुठली चालू आहेत, ठेवतो. ताई एकटीने आईला उठवत होती, बसवत होती, न्हाऊ घालत होती, आणि बादली आपटताना कधीकधी म्हणायची, "विचारलंसुद्धा नाही. एका शब्दाने विचारलं नाही." मी डबीत पडल्या पडल्या तळमळायचे. आई गेली तेव्हा टिल्लू तीन दिवस आला आणि पाहुण्यासारखा कडेकडेने बसून परत गेला.

फोटोंना जागा हवी म्हणून तिने गेम पुसून टाकला. माझी डबी फुटली. काही वर्षं मी चहाच्या कपाखाली काढली. मग तिने मला दोरी ओवून गॅलरीत टांगलं, कबुतरं घाबरावीत म्हणून. पहिले तीन दिवस घाबरली. चौथ्या दिवशी एक निर्लज्ज जोडपं माझ्याच शेजारी संसार मांडून बसलं. काय बोलणार?

सोळा वर्षं झाली. मागच्या महिन्यात ताईने जुना कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरवलं. त्याआधी आईचे फोटो काढून घ्यावेत म्हणून तिने जुनी हार्ड डिस्क नव्या मशीनला जोडली. काही राहायला नको, म्हणून मालकाची किल्ली घेऊन एकेक खोली बघत निघाली. गॅलरीचं दार उघडं होतं. खुर्ची कर्रकन मागे सरकल्याचा आवाज आला.

"हे इथे कसं?"

गेम पुसला होता, पण मालकाच्या खोलीतल्या कोपऱ्याला तिने हात लावला नव्हता. रेकॉर्डिंग तिथेच होतं. त्यावर त्या मंगळवारची तारीख.

"टिल्लू, गाढवा," ती हळूच म्हणाली, "तू खरंच ठेवलं होतंस."

पण नुसत्या रेकॉर्डिंगने काय होणार? त्यात कोण कुठे उभं होतं आणि काय टाइप केलं, एवढंच. अख्खा कारखाना माझ्या पोटात. तीन तास घालवून उतरवलेला इन्स्टॉलर तिने जिवापाड जपला होता. अडलं होतं ते माझ्यावाचून. तिने खण उपसले, माळा उपसला, "कुठे मेली ती सीडी?" म्हणून मलाच शिव्या घातल्या. आणि तिनेच टांगलेली मी हाकेच्या अंतरावर, वाऱ्यावर गरगरत! तेवढ्यात ऊन माझ्यावर पडलं आणि त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचला. ती वळली. जन्मात पहिल्यांदा मी बोलले आणि कोणाला तरी कळलं.

माझी अवस्था म्हणाल तर ओरखडे, चहाचे डाग, आणि कबुतरांची कृपा. तिने मला साबणाने धुतलं. मग कवळीला चकाकी आणायचं मलम आणलं आणि मऊ कापडाने घासत बसली. गोल गोल नाही हं, मधून कडेकडे. दोन दुपारी घासत होती. खाचेत गेले तेव्हा मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. ठिपका अडखळला, मागे गेला, पुन्हा आला. एकदा नापास, दोनदा नापास. तिसऱ्यांदा तिने माझ्यावर हळूच फुंकर मारली आणि मी सगळं देऊन टाकलं. जुन्या गेमला लागणाऱ्या जुन्या फायली नव्या लिनक्सवर नव्हत्या. त्या गोळा करण्यात आणखी चार दिवस गेले.

मग एका सकाळी तिने रेकॉर्डिंग लावलं.

"लिफ्टमध्ये उभा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला. शेवटच्या ओळीला तिचा आवाज फुटला. मग तिने स्पीकरवर फोन लावला.

"ताई? बरी आहेस ना? आज मध्येच फोन?"

"टिल्लू, तुझं रेकॉर्डिंग बघितलं. आज."

ती न थांबता बोलत राहिली.

"मालकाच्या खोलीत होतं रे. मी माझ्या खोलीत शोधत बसले. ती चिठ्ठी काढायची राहिली माझ्याकडून."

"मला वाटलं," तो म्हणाला, "तू बघितलंस आणि गप्प राहिलीस."

"मला वाटलं तू विचारलंच नाहीस."

"आणि बघितलं असतंस तर? काय म्हणाली असतीस?"

"जा म्हणाले असते. पण तू विचारलं होतंस हे ठाऊक असतं ना, तर आईचं करताना मी रोज तुझ्यावर चिडले नसते."

मग दोघं रडली. मीही रडले असते, पण तीही सोय नाही.

आता माझ्यातलं सगळं तिने मशीनवर उतरवून घेतलंय. टिल्लूचं रेकॉर्डिंग मालकाच्या खोलीतून उचलून तिने आपल्या खोलीत आणून ठेवलं. माझं काम संपलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एखादी माझी बहीण कुठे दोरीला लटकत असेल, तर एकदा खाली उतरवा आणि तिच्यात काय आहे ते बघा. कबुतरं तशीही ऐकत नाहीत.

रविवारी पुन्हा खेळ सुरू झालाय, आता इंटरनेटवरून. मी खणातून ऐकते. परवा गोळीबार मध्येच थांबला. दोघं लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली असणार. टिल्लूने काहीतरी टाइप केलं आणि ताईने ते नेहमीसारखं मोठ्याने वाचलं.

"ताई, परत येऊ का?"

"ये," ती तिथल्या तिथे म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की त्याला ऐकू जात नाहीये. कीबोर्डवर घाईघाईने बोटं पडली.