अस्वलाने डोळा लावलेली लेन्स

दोन किलोच्या लेन्समधून मी एका अस्वलाला मोहाचं झाड दाखवलं, ही गोष्ट कोणी मानणार नाही. न मानो. माझ्या खऱ्या गोष्टीही कोणी मानत नाही, त्यामुळे आता मला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. पण ही गोष्ट मी कुठं सांगितली, कोणाला सांगितली आणि काहून सांगितली, एवढं तरी खरं धरून चला. साक्षीला दोन बायका आहेत.

अधारतालला मेन रोडच्या मागच्या गल्लीत गणपत राहतो. आम्ही दोघं बत्तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात एकाच शेडमध्ये. मी फिटर, तो तपासनीस. मी बनवायचो, तो नापास करायचा, आणि मग दोघं एकाच डब्यातून जेवायचो. रिटायर झाल्यावर त्याला पाखरांचे फोटो काढायचं वेड लागलं. उजाडताच स्कूटर काढायचा, पनागरकडे जायचा, कोणाच्या तरी गोभीच्या शेताच्या कडेला तास तास बसायचा, आणि घरी येऊन भानुमतीवहिनींना एकाच खंड्याचे चाळीस फोटो दाखवायचा. वहिनी चाळीसही बघायच्या. बायको असावी तर अशी, असं मी माझ्या घरी एकदाच म्हटलं.

गेल्या ऑगस्टात त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचला. चालतो, बोलतो, स्वतःच्या हातानं जेवतो. डावा हात मात्र थरथरतो आणि लगेच थकतो. कॅमेरा कपाटात गेला. त्याच्यासोबत गणपतचं भांडणही गेलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या कामात खोट काढली, तो कशालाच काही म्हणेना. वहिनी एकदा मला फाटकापाशी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मी मुद्दाम तीन दिवस वरणात मीठ नाही टाकलं. मुकाट्यानं जेवले."

मार्चात त्यांची मुलगी समृद्धी बंगलोरहून सुट्टी घेऊन आली. बापासाठी तिनं नवा मिररलेस कॅमेरा आणला. आत आरसा नाही, म्हणून आकारानं लहान आणि वजनाला हलका. शुक्रवारचं कान्हाचं बुकिंग केलं, बाप, आई आणि ती. आता जंगलात जायचं म्हणजे लांबचं ओढणारी लेन्स पाहिजे. ती सिव्हिल लाइन्समधल्या योगेंद्रच्या दुकानातून दोन लेन्स हाताळून बघायला घेऊन आली. योगेंद्र कारखान्यातल्या आमच्या बडेबाबूंचा मुलगा, म्हणून विश्वासानं दिल्या. अट एकच, बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत एक परत.

बुधवारी तीन वाजता मी गेलो तेव्हा दोन्ही लेन्स जेवणाच्या टेबलावर उभ्या होत्या. एक दोनशे ते सहाशे मिलिमीटरची, पांढरी, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, दोन किलोच्या वर. दुसरी सत्तर ते साडेतीनशेची, काळी, पाण्याच्या पेल्यापेक्षा थोडी मोठी, वजन सव्वासहाशे ग्रॅम.

"मोठी," गणपत म्हणाला.

मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. हा आमच्या कारखान्याचा आजार आहे. नळी जितकी लांब तितका मारा दूर, हे आमच्या हाडात बसलं आहे. कारखान्यातला माणूस लग्नाच्या मांडवात सनईवाल्याकडे बघूनसुद्धा मनात इंच मोजतो.

"बाबा, पकड़ के तो देखो एक बार," समृद्धी म्हणाली. पोरीला मराठी सगळं समजतं, बोलायला लागली की दुसऱ्या शब्दाला हिंदीत घसरते.

तिनं मोठी लेन्स कॅमेऱ्याला लावून दिली. गणपतनं उजव्या हातात कॅमेरा धरला, डावा हात लेन्सखाली घातला आणि खिडकीतून समोरच्या टाकीवरच्या कबुतरावर रोखला. लेन्स चार सेकंद वर राहिली असेल. मग नळीचं टोक खाली यायला लागलं. वहिनींनी काही न बोलता खालून आपला तळवा लावला. गणपतनं डोळा काढून तो तळवा पाहिला.

कॅमेरा त्यानं हळूच दिवाणावर ठेवला. "दोन्ही परत ने. आणि कान्हाचं कॅन्सल कर."

"काहून पण?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही दोघी जाऊन या. मी घरीच बरा."

समृद्धीनं समजावायचं सगळं समजावलं. म्हणाली, बाबा, इस कैमरे का सेन्सर छोटा है, त्यावर साडेतीनशेची लेन्स सव्वापाचशेसारखी दिसते. आतली काच हाताची थरथर सांभाळून घेते. जीपमध्ये ट्रायपॉड उभा करायला जागा नसते, हातातच धरावी लागते. आणि सत्तरवर आणली की आईचा पण फोटो निघतो, माकडांसकट.

"पाखरं काढायची तर सहाशेच पायजे," गणपत भिंतीकडे बघत म्हणाला.

हे काही खोटं नाही. लांबच्या फांदीवरचं एवढंसं पाखरू काढायचं तर मोठीच बरी, मीही मानतो. आणि सेन्सरचं गणित गणपतला पोरीपेक्षा जास्त समजतं. पण छोटी घेतली म्हणजे आपला हात गेला हे बायकोपोरीसमोर कबूल केलं, असं त्यानं धरलं होतं. आणि आता कान्हाला नाही गेला तर हा नवा कॅमेराही कपाटात जाणार होता. वहिनींच्या चेहऱ्यावर हेच लिहिलेलं होतं. घड्याळात सव्वातीन.

मी खुर्ची ओढली. "बरोबर बोलून राहिला गणपत. मोठीच घ्यावी. फक्त माझ्यासारखी फजिती होऊ नये म्हणजे झालं."

"तू कधी गेला बे अण्णा जंगलात?"

"मागच्या एप्रिलात. कोणाले सांगतलं नाही. शरमेची गोष्ट हाय."

वहिनी चहा टाकायला उठल्या होत्या, त्या परत बसल्या.

मी म्हटलं, अशीच पांढरी लेन्स होती, भाड्यानं आणलेली. जीपमध्ये बसलो तर जीप एका बाजूला कलली. ड्रायव्हर म्हणाला, बाबूजी, बीच में बैठो. बीचमध्ये बसलो तर पुढची चाकं हलकी झाली. शेवटी गाइडला बोनेटवर बसवलं, तेव्हा गेटमधून सोडलं.

"काका, कुछ भी," समृद्धी म्हणाली.

"ऐक तर. पहिल्या वळणावर मोर. मी लेन्स वर करेपर्यंत मोर उडाला, नाल्याच्या पलीकडे उतरला, चार किडे खाल्ले, झोपला. मी वर केली तेव्हा त्याची सकाळ झाली होती. पुढं गेलो तर बारशिंग्यांचा कळप, अगदी रस्त्याला लागून. मी एक फोटो काढला. काय आलं असेल?"

"काय?" वहिनींनी विचारलं.

"डावी नाकपुडी. पण इतकी साफ, की तिच्यावरच्या दवाच्या थेंबात मी दिसून राहिलो."

"आणि उजवी?"

"उजवीसाठी जीप पन्नास फूट मागं घ्यावी लागली असती, वहिनी."

"अरे तो ज़ूम कम कर लेते ना," समृद्धी म्हणाली.

"बेटा, ती दोनशेच्या खाली उतरतच नाही. मान ताठ ती ताठ."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. गणपत अजून भिंतीकडेच बघत होता, पण आता भिंतीवर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं हे मला समजत होतं. डाव्या हाताची बोटं त्यानं उजव्यात धरून ठेवली होती.

"मग अस्वल आलं," मी म्हटलं.

उन्हं वर आली होती. जीप एका नाल्याजवळ थांबली. मी चण्यांची पिशवी जीपच्या दांडीवर ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि लांबच्या टेकडीकडे रोखून बसलो. तेवढ्यात खालच्या खड्ड्यातून अस्वल उभं राहिलं, काचेपासून दोन हातांवर. मी बटण दाबलं तर लेन्स नुसती पुढं-मागं, पुढं-मागं. काही पकडेना.

"जवळचं पकडत नाही ती," मी म्हटलं. "कमीत कमी अडीच मीटर पायजे तिले."

"दोन मीटर चाळीस," गणपत म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी जसं काही ऐकलंच नाही असा पुढं निघालो.

"अडीच मीटर. आता अस्वलाले काय सांगू, भैया, थोड़ा पीछे हो जाओ? तुम्हाले माहीत हाय, अस्वलाची नजर जन्मापासून कमजोर. बिचारं नाकावर जगते. त्यानं ती एवढी मोठी गोल काच पाहिली आणि वाकून तिले डोळा लावला."

"हाय राम," वहिनी म्हणाल्या.

"मी हललो नाही. हलता येतच नव्हतं, दोन किलो हातात होते. त्याच्या श्वासानं काचेवर वाफ धरली. त्यानं पंजानं पुसली. कशी, तर गोल गोल, मधून बाहेर. योगेंद्र पुसते तशी. परत डोळा लावला. आणि मंग त्याचं तोंड असं उघडं राहिलं."

"काहून?"

"त्या टेकडीवर, दीड किलोमीटर लांब, मोहाचं झाड होतं. पूर्ण फुललेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याले एक एक फूल वेगळं दिसलं. पाच मिनिटं बघत राहिलं. मंग डोळा काढला, माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि सरळ टेकडीकडे चालायला लागलं. एकदासुद्धा वास घेतला नाही रस्त्यात. त्याचं भलं झालं, पण माझ्याजवळ अस्वलाचा फोटो नाही. छोटी लेन्स असती तर—"

"थांब," गणपत म्हणाला.

तो खुर्चीतून पुढं सरकला होता. दिवाणावरचा कॅमेरा त्यानं ओढून टेबलावर घेतला, उजव्या हातानं मोठी लेन्स फिरवून काढली आणि बाजूला आडवी ठेवली. काळी घेतली, खुणेला खूण जुळवली. डावी बोटं घसरली. परत जुळवली. तिसऱ्यांदा ती कट् करून बसली. वहिनी हात पुढं करणार होत्या, समृद्धीनं त्यांचा पदर धरून ठेवला.

"इकडं ये," तो मला म्हणाला. "अस्वल हो."

मी वाकून काचेला डोळा लावला. साठाव्या वर्षी रिटायर झालेल्या माणसाला ऐंशीच्या उंबरठ्यावर हेच बाकी होतं.

"काय दिसून राहिलं?"

"काच."

"आणि तिच्या मागं?"

"अंधार."

"अंधारच दिसन. मागं कॅमेरा लावला हाय. अस्वलानं पुढून डोळा लावला, मागं तुझा कॅमेरा, त्याच्या मागं तुझं थोबाड. टेकडीचा उजेड तिकडून येऊन राहिला अस्वलाच्या पाठीवर. मंग त्याले झाड कुठून दिसलं?"

फिटरनं अशा वेळी बोलायचं नसतं.

त्यानं कॅमेरा उचलला. डावा हात खाली लावला. हात थरथरत होता, दुरूनही दिसत होतं. त्यानं कॅमेरा वहिनींवर रोखला. वहिनींनी पदर सावरला, मग सोडून दिला. खट्. त्यानं मागचा पडदा माझ्यासमोर धरला. वहिनी त्यात स्पष्ट होत्या, पापण्यांसकट, आणि मागं जाळीच्या खिडकीवर दुपारचं ऊन.

"आणि मागच्या एप्रिलात," तो म्हणाला, आवाज शेडमधला, पत्र्याला लागणारा, "तू रोज संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर बसून माझा चहा पिऊन राहिला होता, एक दिवस खाडा नाही. समृद्धी, ती मोठी परत करून ये. आणि गाडीत चौथी सीट असन तर याले पण घे. अण्णा, तू जन्मात जंगल पाहिलं नाही."