कान ठणठणीत आहेत

“डाव्या कानातून कधी पाणी, पू वगैरे?” डॉक्टरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत क्रेनवाल्याची बायको बोलून गेली, “छे, कान ठणठणीत आहेत त्यांचे.”

आता तिनं खोटं का बोलावं? तर सवय! क्रेनवाल्याचा कान लग्नाआधीपासून वाहायचा. कारखान्यात दरवर्षी तपासणी. कानात दोष निघाला की क्रेनवरून खाली, झाडलोटीला. म्हणून तपासणीच्या सकाळी ती स्वतः त्याचा कान पुसून लख्ख करायची, आणि कुणी विचारलंच तर दोघांचं उत्तर ठरलेलं. इतकी वर्षं त्या एका ‘नाही’वर घरची चूल पेटत होती. समोर कारखान्याचा डॉक्टर आहे की दवाखान्यातला, हे बघायला जीभ थांबते थोडीच!

डोकं दुखतं म्हणून काढलेल्या फोटोत मेंदूच्या डाव्या बाजूला गोल कडं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, पू साचला तरी असंच दिसतं. पण ताप नाही, कान चांगला आहे म्हणता, तेव्हा गाठच असावी. त्यांनी सूज उतरायचं औषध सुरू केलं, ऑपरेशनची तारीख दिली. डोकं दुखायचं थांबलं. क्रेनवाला उठून बसला, नर्सची थट्टा करू लागला. बायकोनं मनाशी म्हटलं, कशाला उगाच जुनं उकरून काढा? क्रेनवरची नोकरी जायची.

चार दिवसांनी तो तापानं फणफणला. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. तेव्हा तिचा धीर सुटला. डॉक्टरांना जिन्यातच अडवून म्हणाली, “साहेब, कान वाहतो त्यांचा. पहिल्यापासून वाहतो. मी खोटं बोलले.”

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते तसेच वर धावले. सूज उतरायच्या त्या औषधानं आतल्या पुवाला रान मोकळं मिळालं होतं, हे तिला मागाहून नर्सनं सांगितलं.

ऑपरेशनात सिरिंज भरून पू निघाला. गाठ नव्हतीच! नणंद तिच्या गळ्यात पडून म्हणाली, “माझ्या भावाचं नशीब थोर गं.” हिला मेलीला धड रडताही येईना.

पुढे तो शुद्धीवर आला, हातपाय हलवू लागला. शब्द मात्र जागा सोडून गेले होते. एका दुपारी तो म्हणाला, “खिडकी.” तिनं खिडकी उघडली. तो चिडला, गळ्याशी हात नेऊन म्हणाला, “खिडकी, खिडकी.” तिनं पाणी दिलं. ते पिऊन तो शांत झाला. मग तिच्याकडे बघत तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, बराच वेळ शोधलं आणि हळूच म्हणाला, “खिडकी.”

“हो,” ती म्हणाली, “इथंच आहे मी.”