हळदीचं कव्हर

"काका, हा पत्ता चालत नसतो," गोकुळ म्हणाला. जालन्यातल्या त्या पत्त्यांच्या स्पर्धेत तो पंच होता. त्याने माझा डेक, म्हणजे खेळायचे साठ पत्ते, टेबलावर पालथा पसरला होता. प्रत्येक पत्ता पांढऱ्या कव्हरात, त्यांतल्या एकावर पिवळा डाग होता.

"काऊन?"

"पाठीकडून ओळखू येतो ना. कव्हर बदला, नाहीतर पत्ता काढा."

"डाग नाही तो. माह्या बायकोचं बोट आहे."

समोर खेळायला बसलेला कॉलेजवाला हसला. गोकुळ हसला नाही.

डेक माझ्या बायकोचा, समताचा होता. मी देऊळगाव राजात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. पत्ते म्हणजे मला रमी ठाऊक. हे वेगळे. प्राण्यांची चित्रं, प्रत्येकाची ताकद निराळी, शेकडो पत्त्यांतून साठ निवडून आपला डेक बांधायचा. समता भाजी फोडणीला टाकून यायची, एक पत्ता काढून दुसरा घालायची आणि माझ्याशी एक डाव खेळून बघायची. वाघ तीन ठेवायचे की चार, यावर आम्ही आठवडाभर भांडलो. भाजी करपायची. कासव मात्र तिने कधीच काढलं नाही; तिच्या हळदीच्या बोटाचा डाग त्याच्याच कव्हरावर. कासव हल्ला करत नाही, नुसतं मार खातं.

"काय कामाचं हे?" मी विचारायचो.

"हरलो तरी लवकर हराचं नाही," ती म्हणायची.

डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. ती चौदा महिने राहिली.

सोबत आलेला शालिग्राम माझ्या कानाशी लागला. "काढ बे ते कासव. तसंही त्याच्यानं कोण जिंकते? चौथा वाघ घाल."

"कासव कुठी जात नाही. अन् कव्हरबी."

"नियम आहे, काका," गोकुळ म्हणाला.

नियम बरोबर होता. घरी एकटा पत्ते पिसताना डाग दिसला की कासव कुठे आहे ते मला कळायचं. खरं तर तेवढ्यासाठीच मी पिसत बसायचो.

"वरून दुसरं कव्हर घातलं तर?"

गोकुळने जरा विचार केला. "साठच्या साठांवर घाला. दहा मिनिटं देतो."

हॉलच्या दाराशी काळी कव्हरं मिळत होती. माझी बोटं जाड, नखांत मोटारीचं वार्निश. पत्ता आत सरकेना. शालिग्राम समोर बसून भरू लागला. "एका कासवापायी एवढं," असं तो पुटपुटत होता, पण त्याने तीस भरले.

गोकुळने डेक पुन्हा पालथा पसरला. साठही काळे, सारखे. "आता ठीक."

मी पत्ते पिसले. पुन्हा पिसले. ती कुठे आहे, ते आता मलाही कळत नव्हतं.

सात पत्ते उचलले. कासव आलं नव्हतं. मी तेच सात पत्ते पुन्हा पुन्हा चाळत राहिलो.

"काका, डाव सोडता का?" कॉलेजवाल्याने विचारलं.

मी पत्ते नीट धरले. "कर चाल," म्हणालो.