पुढच्या चाकाचा नट

सायकलचं खोकं शनिवारी दुपारी आलं आणि ते दारातून आत घेत असतानाच बायकोने विचारलं, "जोडायला दुकानातला माणूस बोलवू या का?" एकतीस वर्षं मी लिफ्टची कामं केली, अठरा-अठरा मजल्यांच्या शाफ्टमध्ये उभा राहून एकेक नट आवळला, आणि माझ्याच घरात दोन चाकं बसवायला दुकानातला माणूस! मी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती हसतच आत गेली. "बरं, राहिलं," एवढं मात्र मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली.

खरं सांगायचं तर मला असं एखादं काम हवंच होतं. सोमवारी ऑफिसात लेखी जबाब द्यायचा होता. पंधरा दिवसांपूर्वी एका गोदामाची लिफ्ट दोन मजले घसरली आणि आतल्या हमालाचा पाय मोडला. आदल्याच दिवशी ती मी आणि माझ्या जोडीदाराने तपासली होती. ब्रेकचा एक नट खाली गळून पडलेला सापडला, आणि त्याच्यावर माझी लाल रेघ होती. नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची, ही आमच्या कामाची पद्धत. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. माझी रेघ आहे म्हणजे नट आवळलेला होता, त्यात शंका घ्यायला जागाच नाही. तेव्हा माझ्यामागून जोडीदारानेच काही कारणाने तो सोडवला आणि पुन्हा आवळायचं विसरला. असं मी लिहून दिलं की त्याची नोकरी जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. शुक्रवारी तो फाटकापर्यंत आला, पण आत आला नाही. "आवळल्याचं आठवतंय ना तुला? एकदा नीट आठवून बघ, एवढंच," म्हणाला. बावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खरं ते खरं.

रविवारी सकाळी पुढच्या खोलीत जुनी चादर अंथरून मी खोकं उघडलं. वरच्या चिकटपट्ट्या कंपनीच्याच होत्या, कुठे फाटलेलं, उसवलेलं काही नव्हतं. सगळे भाग ओळीने मांडले, सूचनांचा कागद न वाचताच घडी करून बाजूला ठेवला आणि बसवूनच आलेल्या पुढच्या चाकावरचं प्लास्टिक कापलं. आसावरच्या चकचकीत नटावर एक लाल रेघ होती, बारीक, सरळ, नटावरून खालच्या पट्टीवर नीट उतरलेली. मला बरं वाटलं. त्या कारखान्यातही काम जाणणारा कुणीतरी आहे म्हणायचा. पण सहज बोट लावलं तर नट फिरला. न आवळताच खूण करून मोकळा झाला होता पठ्ठ्या! असल्या माणसाला एक दिवस कामावर ठेवू नये, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. रेघ पुसली, नट आवळला आणि माझी रेघ ओढली.

मग हँडल बसवलं, ब्रेकच्या तारा ओढल्या, पेडलं लावली. डावं पेडल उलट्या बाजूने आवळतात, इथे भले भले फसतात. मी फसलो नाही. तासाभरात सायकल चादरीवर उभी होती. शेवटचा हात फिरवावा म्हणून खाली वाकलो, तर पुढचा नट दोन बोटांत फिरला. फिरण्याआधी रेघ जागच्या जागी होती, कुठेही तुटलेली नाही. नवं सामान आहे, बसायला वेळ लागतो, असं मनाशी म्हटलं. तसं असतं तर रेघ तुटली असती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कामात अशा बारीकसारीक गोष्टी होतच असतात. मी बायकोला हाक मारली, तिला समोर उभं केलं, आणि ती बघत असताना मनगटाला कळ लागेपर्यंत तो नट आवळला, त्यावर रेघ मारली.

"बघितलंस ना आवळताना?"

"रेघ मारताना बघितलं," ती म्हणाली.

"अगं, त्याच्या आधी!"

"आधी तुम्ही नुसते बसला होतात. मला वाटलं, दमलात."

तिला माझी फिरकी घ्यायची सवयच आहे, म्हणून मी हसून सोडून दिलं. नट पुन्हा बघितला नाही. एकदा खूण केलेल्या नटाला परत हात लावणं म्हणजे स्वतःच्या हाताला खोटं पाडणं, आणि ते मी कधीच केलेलं नाही. "उतारावरून एक फेरी मारून येते," म्हणत ती सायकल घेऊन बाहेर पडली. लग्नाआधी ती सायकलवर हात सोडून जायची म्हणे. आज तिचा चेहरा तेव्हा असेल तसाच झाला होता.

मी खिडकीपाशी टेबलाशी बसलो आणि जबाबाचा कागद पुढे ओढला. जोडीदाराने सांगितलं होतं ना नीट आठव म्हणून, तर म्हटलं आठवू या, त्याचंही समाधान होऊ दे. डोळे मिटले. गोदामाचा शाफ्ट, पाठीमागचा दिवा, हातात पाना, आणि पान्यात तो नट. अगदी लख्ख दिसत होता, मी आवळतोय तेही दिसत होतं. छोटा, चांदीसारखा चकचकीत, कोराकरकरीत नट होता. आमच्या ब्रेकचे नट मुठीएवढे असतात, आणि तेलाने काळेकुट्ट.

मी डोळे उघडले. खाली रस्त्याच्या टोकाला, जिथून उतार सुरू होतो, ती एक पाय टेकवून उभी होती. तिने वळून घराकडे पाहिलं, हात वर केला. मीही केला. मग कागदावर लिहिलं, 'सदर नट मी स्वतः आवळला होता, याची मला पूर्ण खात्री आहे,' आणि खाली सही केली. सही छान आली.

तिने पाय उचलला. मी तिला हाक मारली नाही.