तणसाच्या भिंती

देवरावांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते बाहेर काढायला रंभाबाईंची जीभसुद्धा तोकडी पडायची. सावनेरच्या सरकी काढायच्या जिनात उभी हयात कापसाच्या गठाणी बांधून देवराव नागपूरला परतले होते. धरमपेठेपलीकडे तेव्हा नुसती वावरं होती. तिथं त्यांची लहानशी संत्र्याची बाग. बागेत एक खोली हवी, हे रंभाबाईंनाही पटलं होतं. पण विटांची नाही, तर भाताच्या तणसाची!

"हंगाम सरला, जिनाची प्रेस रिकामी पडून हाये," देवराव म्हणाले. "तिच्यात तणस दाबतो, गठाणी विटेवानी रचतो, अन् दोन्हीकून माती लिपून छपाई करतो. भर वैशाखात आत कसं गार लागते, पाहाजो."

"अन् बैलाइनं भिंत खाल्ली त?"

तरी गठाणी गाडीतून आल्याच. देवरावांनी राखेनं जमिनीवर खोली आखली, तणस पोखरणारी उदई चढू नये म्हणून दगडाचा पाया गुडघाभर उचलला. रंभाबाई दुपारची भाकर घेऊन यायच्या आणि राखेच्या रेघेबाहेर थबकून विचारायच्या, "आत येऊ का जी? का मालक झोपले हायेत?"

अशात लेकीचे सासरे, भैयाजी, उमरेडहून आले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, हातात विडी. गठाणीवर बैठक मारून ते हसत सुटले.

"देवराव, हे घर हाये का होळी? एक ठिणगी पडली का खाक! लोकं म्हणतीन, भैयाजीचा व्याही सटकला."

देवराव माती चाळत राहिले. रंभाबाईंना मात्र ते झोंबलं. नवऱ्याला वेडा म्हणायचा हक्क त्यांचा होता. तो त्यांनी उमरेडवाल्यांना कधी दिला नव्हता. त्यांनी पदर सावरला.

"भैयाजी, तुमी मोठे मानूस. छपाई वाळली का या, अन् सोताच्या हातानं जाळून पाहा."

"नाई जळली त मी सोता मातीचा गारा तुडवीन!" भैयाजी तोऱ्यात बोलून गेले.

व्याह्यांची पाठ फिरताच रंभाबाईंनी लुगडं खोचलं. "सरका. हा गारा हाये का वरण?" त्यांनी गाऱ्याच्या खड्ड्यात भुशाचं कुटार घातलं, शेण घातलं, खड्डा झाकून गारा आंबू दिला आणि मग एका गठाणीला चहूकडून जाड थर चढवला.

"तू त बैलाचं म्हणत होती वं," देवराव हळूच म्हणाले.

"बैलाचं मंग पाहू. पानी टाका!"

छपाई खडखडीत वाळली. भैयाजी आले, गठाणीला कापसाची वाळकी पऱ्हाटी टेकवून त्यांनी काडी ओढली. जाळ माणसाच्या डोक्यावर गेला. भैयाजी मिशीत हसत होते. रंभाबाईंनी पाण्याची घागर जवळ ओढली. जाळ विझला. माती काळी पडली होती, तडकली होती. देवरावांनी खुरप्यानं ती खरवडली. आत तणस पिवळंधमक! भैयाजींनी हात घालून पाहिलं आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

आता देवरावांचीच त्रेधा उडाली. "राहू द्या, भैयाजी. लेकीच्या सासऱ्याले का गाऱ्यात उभं करू?"

"जबान दिली त दिली," म्हणत भैयाजींनी धोतर वर खोचलंसुद्धा. चार पावलं ठीक पडली. पाचव्याला ते थेट बुडावर बसले. कोणी हसेना. रंभाबाईंना लेकीचं सासर डोळ्यांपुढे दिसायला लागलं. मग भैयाजींनीच पोट धरलं, "अवो इहीनबाई, हासा ना! कवाच्या दाबून राहिल्या!" आणि रंभाबाई पदरात तोंड खुपसून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

पावसाआधी खोलीच्या छपरावर कवेलू चढले. पुढल्या वैशाखात भैयाजी उमरेडची चार माणसं घेऊन आले. भिंतीवर थाप मारून म्हणाले, "हे खोली मी अन् देवरावनं बांधली." देवरावांनी मान डोलावली. जेवणं झाल्यावर पाहुणे आतल्या गारव्यात घोरत पडले, आणि रंभाबाई व देवराव बाहेर आंब्याच्या सावलीत घाम पुसत त्यांच्यासाठी पन्हं घोळत बसले.